रजया वाटून टाकू नका

गेल्या आठवड्यात गडचिरोलीहून एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. मुलाला मंचेरियलला नोकरी लागली आहे आणि सगळं घरच तिकडं हलवायचं आहे. भाडं किती, शाळा कशा, तेलुगू येत नसेल तर बाजारात कसं निभावतं, सगळी चौकशी झाली. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मॅडम, रजया आणि स्वेटर इथंच वाटून टाकते. साउथला कुठली आली थंडी!"

मी म्हटलं, "वाटू नका." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

हेच वाक्य मी काही वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना ऐकवलं होतं. त्यांना मी अब्बाच म्हणते. आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं, निवृत्तीनंतर छातीत दमा राहिला. चंद्रपूरचा उन्हाळा देशभर गाजतो, टीव्हीवाले मे महिन्यात बरोबर येतात. इथल्या हिवाळ्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. डिसेंबरच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड होते. वरची हवा त्यापेक्षा उबदार असल्यामुळे खालची वर उठतच नाही. कोळसा, सिमेंट, वीज यांचा धूर आणि घरोघरच्या सिगड्यांचा धूर या गार हवेत अडकून गल्लीत लोळत राहतो. सूर्य चांगला वर येईपर्यंत हलत नाही. अब्बा फजरला मशिदीत जायचे आणि परत येताना तीन ठिकाणी थांबायचे. डॉक्टरांनी सांगितलं, धूर आणि थंडी दोन्हींपासून दूर ठेवा.

त्याच सुमारास माझ्या शौहरना आसिफाबादला वायरिंगच्या ठेक्याचं काम मिळालं. 2016 मध्ये कोमरम भीम आसिफाबाद हा वेगळा जिल्हा झाल्यापासून तिथं कचेऱ्या आणि घरं वाढत होती. मला उर्दू माध्यमाच्या एका खासगी शाळेत जागा मिळाली. सगळं जमून आलं होतं, फक्त अब्बा तयार नव्हते. अम्मींची कबर चंद्रपुरात, मशीद तिथली, चहाच्या टपरीवरचे चार म्हातारे तिथले. त्यांना हलवायला माझ्याकडे एकच मुद्दा होता, तो म्हणजे हवामान. मी बीएड केलेली बाई, ठासून बोलायची सवय. म्हटलं, "अब्बा, ते दक्षिणेचं राज्य आहे. तिकडं थंडी नसतेच. तुमचा दमा अर्धा होईल."

अब्बा एवढंच म्हणाले, "दुल्हन, रजाई तो रख लो."

मी ठेवल्या नाहीत. टेम्पोत जागा कमी होती. अम्मींनी पिंजाऱ्याला अंगणात बसवून, समोर उभं राहून भरून घेतलेल्या दोन जाड रजया मी घरकामाच्या बाईंना देऊन टाकल्या.

खरं तर मला कळायला हवं होतं. माझं लहानपण अहेरीचं. थंडीत प्राणहितेच्या काठावर गेलं की पाणी दिसायचं नाही, नुसतं धुकं. ऊन चढलं की ते विरायचं आणि पलीकडचा काठ दिसायचा. पलीकडे तेव्हा आंध्र होता, आता तेलंगणा आहे. धुकं दोन्ही काठांवर सारखंच असायचं. आमच्याकडं रात्रभर अंगणात लाकडाचा एक ओंडका धुमसत ठेवायचे. पलीकडेही पहाटे तसेच लाल ठिपके दिसायचे. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी, "दक्षिण" हा शब्द कानावर आला की डोळ्यांसमोर नारळाची झाडं आणायची.

नकाशा काढून बघायला काय हरकत होती? आसिफाबाद मुंबईच्या दक्षिणेला नाही, किंचित उत्तरेलाच आहे. आदिलाबादही तसंच. पुणे तर या दोघांच्याही खाली. राज्य दक्षिणेचं म्हणून त्याचा प्रत्येक जिल्हा दक्षिणेत नसतो. त्यात मुंबईला समुद्र आहे. समुद्र रात्री हवेला ऊब देतो. आमच्या या पट्ट्याला समुद्र दोन्हीकडून लांब. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की उष्णता भराभर सोडून देते. वर ढगांचं पांघरूण नसतं, म्हणून ती उष्णता परत येत नाही. उत्तरेकडून गार वारा सुटला की त्याला अडवायला मध्ये मोठं काही नाही. डोंगर आणि जंगल उतरून रात्रीची गार हवा खोलगट जागेत साचते आणि गावं नेमकी तिथंच वसलेली असतात. तेलंगणातल्या सगळ्यात कमी तापमानाच्या बातम्यांत दरवर्षी सिरपूर (यू), गिन्नेधरी ही आमच्याच बाजूची नावं असतात. पाच-सहा अंश ही तिथं अपूर्वाई नाही.

आणि सीमा म्हणाल तर, चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात परमडोली, मुकदमगुडा अशी चौदा गावं आहेत, ज्यांच्यावर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. तिथली माणसं दोन्हीकडं मतदान करतात, दोन-दोन रेशनकार्डं बाळगतात. थंडी मात्र त्यांना एकच मिळते.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतरही काही जाणवलं नाही. दुपारी पंखा लागायचा. मी अब्बांकडं विजयानं बघायची. बंगालच्या उपसागरात काही तरी झालं की ढग यायचे, रात्री उबदार जायच्या, वेचणीला आलेला कापूस तेवढा भिजायचा. मग एकदा आकाश धुतल्यासारखं मोकळं झालं आणि तीन रात्रींत सगळं बदललं.

इथला हिवाळा बाहेर फिरणाऱ्याला कळत नाही, घरात झोपणाऱ्याला कळतो. दुपारी अकराला पोरं शाळेत स्वेटर काढून दप्तरावर टाकतात. संध्याकाळी सातला त्याच पोरांच्या कानांना फडकी असतात. दुपार आणि पहाट यांत पंधरा-वीस अंशांचा फरक. घरं सगळी उन्हाळ्यासाठी बांधलेली. आमच्या भाड्याच्या घराला छताजवळ जाळीचे झरोके होते, ते बंदच होत नसत. मागच्या खोलीवर पत्रे. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरायचं आणि थेंब थेंब अंथरुणावर पडायचं. ती खोली शांत म्हणून मी अब्बांना दिली होती.

डिसेंबरातल्या एका रात्री तीनच्या सुमाराला त्यांना धाप लागली. पंप दिला, पाठ चोळली. अंगावर दोन सोलापुरी चादरी, माझी शाल, मुलाचं ब्लँकेट, तरी दात वाजत होते. शौहर कामासाठी हैदराबादला गेलेले. मला काही सुचेना. चुलीतले निखारे घमेल्यात घेतले, खोलीत ठेवले, झरोक्यांत वर्तमानपत्रं कोंबली, दार लावून घेतलं. पाच-दहा मिनिटांत खोली छान उबदार झाली. अब्बा शांत झाले. मलाही डुलकी येऊ लागली.

शेजारी राहणाऱ्या घरमालकीण अक्कांना आमची धावपळ ऐकू आली होती. त्यांनी दार ढकललं, घमेलं पाहिलं आणि ओरडल्या, "वद्दु, वद्दु!" वद्दु म्हणजे नको. पदरानं घमेलं धरून त्यांनी ते अंगणात फेकलं, सगळी दारं उघडली आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. बंद खोलीत निखाऱ्यांतून जो वायू निघतो त्याला वास नसतो, झोप लागते ती लागतेच. हा धडा मी आठवीच्या मुलांना वाचून दाखवलेला आहे.

पहाटेपर्यंत आम्ही अंगणात जाळासमोर बसलो. या जाळाला तिकडं चलिमंटा म्हणतात, चलि म्हणजे थंडी. अक्का म्हणाल्या, नागोबा होईपर्यंत हे असंच चालणार. पौष अमावास्येला केसलापूरला मेस्राम गोंडांची नागोबाची जत्रा भरते. गोदावरीचं पाणी आणायला ती माणसं अनवाणी चालत जातात, त्याच थंडीत उघड्यावर मुक्काम करतात. अब्बांनी माझे दोन स्वेटर एकावर एक चढवले होते. जाळाकडं बघत ते म्हणाले, "दुल्हन, तुम्हारा साउथ तो बहुत ठंडा है." त्यानंतर सबंध हिवाळ्यात या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ते जे बोलले नाहीत ते मला दुसरीकडूनच कळलं. एका सुटीच्या दुपारी ते घरीच जोहर पढत होते. चार रकात फर्ज असते, त्यांनी दोनवर सलाम फेरला. मला वाटलं विसरले. दुसऱ्या दिवशीही दोनच. मग उजेड पडला. प्रवासात असलेल्या माणसाला नमाज अर्धी करायची सवलत आहे. आमच्या हनफी फिकहप्रमाणे एखाद्या गावी पंधरा दिवस किंवा जास्त राहायचा इरादा केला की माणूस तिथला मुकीम होतो आणि पूर्ण नमाज पढतो. पण "आज जाईन, उद्या जाईन" म्हणत महिने गेले तरी तो मुसाफिरच. अब्बा सहा महिने माझ्या घरात राहत होते आणि त्यांनी राहायचा इरादाच केला नव्हता. कपाटात कपडे लावले होते, तरी पिशवी खाटेखाली भरलेलीच होती.

मी चंद्रपूरला जाऊन त्या बाईंकडून रजया विकत परत आणायचं ठरवलं. अब्बांनी अडवलं. दिलेली वस्तू परत मागायची नाही. मग आसिफाबादेतच शोध घेतला. कापूस पिंजणाऱ्या मुसलमानांना तिकडं दूदेकुला म्हणतात, आपल्याकडचे पिंजारी, मन्सुरी तसे. एक म्हातारे दूदेकुला चाचा मशीन घेऊन आले. कापूस आदिलाबादच्या बाजारातला, लांब धाग्याचा. अब्बा खुर्ची टाकून समोर बसले, कापूस मुठीत दाबून बघितला, टाके जवळ घ्यायला लावले. एक म्हातारा दखनीत, दुसरा तेलुगू मिसळलेल्या उर्दूत, दुपारभर भांडण आणि चहा. खोलीही बदलली. झरोक्यांना आतून प्लायच्या झडपा बसवल्या, वरचा थोडा भाग मात्र हवेसाठी उघडा ठेवला. वजूला रॉडनं तापवलेलं पाणी, पायांत चामड्याचे मोजे. मोज्यांवर मसह करता येतो, पहाटे पाय उघडे करावे लागत नाहीत. मुकीमाला ही मुदत एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-रात्री. मोजे आणून दिले तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "अब्बा, तुमची मुदत कुठली?" ते कानावर मफलर ओढून बसले.

दमा अर्धा झाला नाही. धूर कमी आहे, त्यामुळे दिवसा ते बरे असतात, चालतात. पहाट अजून जड जाते. मी त्यांना आणलं ते बरोबर की चूक, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. अम्मींच्या बरसीला ते चंद्रपूरला जातात आणि आठवड्यात परत येतात. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी वह्या तपासत होते. ते पलीकडं जोहर पढत होते. दोन रकात झाल्या आणि ते तिसरीला उभे राहिले. मी मान खाली घालून वह्या तपासत राहिले.

तर त्या बाईंना मी फोनवर यादी देत होते. रजया आणा, कानटोप्या आणा, घर बघताना छत आणि झरोके बघा, पत्र्याची खोली म्हाताऱ्या माणसाला देऊ नका, बंद खोलीत निखारे कधीही नाही. खुर्चीतून अब्बांचा आवाज आला, "दुल्हन, उनको बोलो, मोजे भी."