परिशिष्टातील शब्द

सामाजिक न्यायाविषयीच्या विद्यापीठीय संशोधनाचा समाजावर परिणाम काय होतो, हा प्रश्न अलीकडे प्रशासकीय भाषेत विचारला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या शैक्षणिक कार्याला गुण लावले. पुढे त्या विनियमांत बदल झाले, पण मोजण्याची सवय मात्र राहिली. शोधनिबंध किती, चर्चासत्रे किती, प्रबंध किती, या आकड्यांतून संशोधनाची हालचाल कळते. त्याचा परिणाम कळत नाही. परिणाम ही संहिता आणि वाचक यांच्यामधली घटना होय, आणि ती केव्हा घडेल हे लेखकाच्या हाती नसते.

या विधानाची कसोटी घेण्यासाठी आजच्या गोंदिया जिल्ह्याचा भूभाग उपयोगी पडतो. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच भंडाऱ्यात १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक झाली. दोन जागांच्या त्या मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्यांचा, संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविलेला हा विद्वान तेथे पराभूत झाला. मतपेटी हेच परिणामाचे माप मानले, तर त्या वर्षी त्यांच्या सगळ्या ज्ञानसाधनेचे उत्तर नकारार्थी आले असे म्हणावे लागेल. अवघ्या दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात जे घडले ते पाहता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

९ मे १९१६ रोजी कोलंबियातील एका परिसंवादात त्यांनी भारतीय जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. स्वजातिविवाह हा जातीचा गाभा आहे आणि त्याची किंमत स्त्रीकडून वसूल केली जाते, हा त्यातील सिद्धान्त त्या दिवशी मोजक्या श्रोत्यांपुरता होता. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली आंबेडकरांचे समग्र लेखन प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि पहिल्याच खंडात हा निबंध आला. परिसंवादाच्या खोलीतून दीक्षाभूमीवरील पुस्तकांच्या दुकानापर्यंत पोहोचायला त्याला सहा दशकांहून अधिक काळ लागला, आणि या प्रवासात विद्यापीठांचा वाटा अल्प होता.

मात्र यावरून संशोधकाने स्वस्थ बसून काळाची वाट पाहावी, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आंबेडकरांनी स्वतः ती पाहिली नाही. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आला. त्यापूर्वीच, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ मराठीत निघाला होता. विद्वत्तेची भाषा त्यांनी पातळ केली नाही आणि लोकांची भाषा दुय्यमही मानली नाही. एकाच लेखकाने दोन वाचकवर्गांशी दोन स्वतंत्र करार केले आणि दोन्ही पाळले.

आपल्या विद्यापीठीय संशोधनात यांपैकी दुसरा करार बहुधा आढळत नाही. गोंदिया हा झाडीबोलीचा प्रदेश आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांच्या अभ्यासाने या बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही येथील श्रम, जात आणि स्त्रीजीवन यांवरील प्रबंधांची एक ठरावीक घडण दिसते. रोवणी करणारी बाई तेथे ‘माहितीदाती’ होते. तिचे म्हणणे प्रमाण मराठीत सारांशरूपाने येते आणि तिचे शब्द परिशिष्टातील शब्दसूचीत जातात. सिद्धान्त मुख्य प्रकरणांत आणि अनुभव परिशिष्टात, ही विभागणी केवळ मांडणीची नाही. ज्ञान कोणाचे आणि सामग्री कोणाची, याचा निवाडा तिच्यात आधीच झालेला असतो.

‘निस्तार’ हा एकच शब्द घ्यावा. सूचीत त्याचा अर्थ ‘दैनंदिन वापर’ असा देऊन भागते. परंतु मालगुजारीच्या काळापासून जळण, चराई, बांबू, तलावाचे पाणी यांवरील गावकऱ्यांचा रूढ हक्क या शब्दात साठलेला आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली; शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांची गणना करताना निस्ताराचा नावानिशी उल्लेख आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, या कायद्याच्या नियम १३ ने पुराव्यांच्या यादीत नामांकित संस्थांनी केलेले रूढी-परंपरांचे अभ्यास आणि वृद्धांचे लिहून घेतलेले कथन या दोहोंना स्थान दिले. प्रबंध आणि म्हातारीची जबानी यांना विद्यापीठाने कधी एका पंक्तीला बसवले नव्हते. कायद्याने ते केले.

देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या जंगलाच्या तालुक्यांत या गोष्टीला प्रत्यक्ष अर्थ आहे. कोणत्या नाल्याकाठी गुरे चरत होती, कोणत्या पहाडीला गावाने काय नाव दिले होते, हे ज्या अभ्यासात बोलीतील मूळ शब्दांसह, स्थळकाळाच्या नोंदीसह आले असेल, तो ग्रामसभेच्या दाव्याला आधार देऊ शकतो. तेच प्रमाणभाषेत ‘येथील लोक वनांवर अवलंबून आहेत’ असे सामान्य विधान होऊन आले असेल, तर त्यावर पदवी मिळते, दाव्याला मात्र आधार मिळत नाही. शब्द जसाच्या तसा नोंदवण्याचा भाषाभ्यासकाचा काटेकोरपणा येथे न्यायाचे साधन ठरतो.

संशोधनाने चळवळीचे पत्रक व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. पत्रकाला शंका परवडत नाही आणि संशोधन शंकेवाचून उभे राहत नाही. दाव्याच्या विरुद्ध जाणारी नोंदही तितक्याच निष्ठेने लिहावी लागते. अन्यथा पुरावा म्हणून त्या अभ्यासाची किंमत उरत नाही. अपेक्षा इतकीच की ज्यांच्या बोलण्यावर प्रबंध उभा राहिला, त्यांना तो वाचून दाखवता यावा आणि त्यांना तो खोडून काढता यावा. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकाला जो आक्षेपाचा अधिकार असतो, तो माहितीदातीला मिळाला, तर परिशिष्टातले पुष्कळसे शब्द मुख्य प्रकरणांत आणावे लागतील आणि काही सिद्धान्त नव्याने लिहावे लागतील.