डॉक्टर व्हायचंय, पण कुठल्या देशात?

नीटचा निकाल लागला, की ज्या घरात थोडक्यात संधी हुकलेलं मूल असतं त्या घरचा फोन थांबत नाही. "रशियात शेवटच्या काही जागा उरल्यात." "जॉर्जियाची मुदत परवा संपतेय." "फिलिपिन्सचं हवामान अगदी आपल्यासारखं!" नातेवाइकांच्या आधी एजंटांनाच निकाल कळतो की काय, अशी शंका यावी. २०२२ च्या सप्टेंबरात आमच्याही घरी असेच फोन आले. त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही जे विचारलं, तपासलं आणि ठरवलं, ते याच वळणावर उभ्या असलेल्या आईवडिलांच्या कामी यावं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. तशीच यांच्या आजोबांची भट्टी मद्रासच्या साहुकारपेठेत लागली. मी १९९५ साली लग्न होऊन इथं आले आणि पुढच्याच वर्षी मद्रासचं चेन्नई झालं. आमची धाकटी लेक इथंच जन्मली, इथंच शिकली. शाळेत तमिळ, घरी मराठी.

साहुकारपेठेतून सेंट्रल स्टेशनकडे निघालं, की थोड्याच वेळात मद्रास मेडिकल कॉलेज लागतं. १८३५ सालचं हे कॉलेज आणि त्याला जोडलेलं सरकारी रुग्णालय. तिथल्या गर्दीकडे बघत बघतच लेक मोठी झाली. "मी इथं शिकणार," हे तिनं पाचवीतच सांगून टाकलं होतं.

पण आमच्यासारख्यांची गंमत अशी, की आम्ही दोन राज्यांच्या उंबऱ्यावर उभे. महाराष्ट्राच्या कोट्यातून जागा हवी तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी. तमिळनाडूत ६९ टक्के आरक्षण आहे, पण दुसऱ्या राज्यातून आलेल्यांचं जातीचं प्रमाणपत्र इथं चालत नाही. म्हणजे उरलेल्या ३१ टक्क्यांच्या खुल्या यादीतच झटायचं. लेक नीट पात्र झाली, पण त्या यादीच्या बरीच खाली राहिली. इथल्या अभिमत विद्यापीठांची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. ते आकडे ऐकून यांनी वही मिटली. परदेशाच्या पत्रकांत मात्र सगळ्या वर्षांचे मिळून पंचवीस ते पंचेचाळीस लाख लिहिलेले. शैक्षणिक कर्ज आणि गावाकडचं दोन एकर रान गहाण, एवढ्यात ते बसत होतं.

आबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. ते एवढंच म्हणाले, "रान ठेवा गहाण. पण सोनं घेताना टंच काढतो ना आपण? मग पोरीचं कॉलेज घेताना का नाही काढायचा?"

दागिना कितीही चमकू दे, कसाला लावल्याशिवाय आणि त्यातलं खरं सोनं किती ते काढल्याशिवाय आमच्याकडे कुणी भाव बोलत नाही. मग हे सहा वर्षांचं आणि चाळीस लाखांचं काम पत्रकावरच्या घुमटाच्या चित्रावर कसं ठरवायचं?

एग्मोरच्या एका हॉटेलात परदेशी वैद्यकीय शिक्षणाचा मेळावा होता. आम्ही तिघं गेलो. टेबलांवर निरनिराळ्या देशांचे झेंडे मांडलेले. युक्रेनचा झेंडा मात्र कुठंच नव्हता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तिथं युद्ध पेटलं होतं आणि सुमारे अठरा हजार भारतीय विद्यार्थ्यांना अर्ध्यावरून परतावं लागलं होतं. आदल्या वर्षापर्यंत युक्रेनची वाहवा करणारी तीच मंडळी आता उझबेकिस्तान-किर्गिझस्तानची वाहवा करत होती. प्रत्येक पत्रकावर ठळक अक्षरात छापलेलं, 'एनएमसी मान्यताप्राप्त'.

घरी येऊन लेकीनं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम काढून वाचले आणि पहिला टंच तिथंच निघाला. आयोग परदेशातल्या कुठल्याच कॉलेजला अशी मान्यता देत नाही. तो फक्त अटी सांगतो. त्या अटींत कॉलेज बसतं की नाही, हे विद्यार्थ्यानं पाहायचं. जागतिक यादीत कॉलेजचं नाव असणं ही झाली नोंद. त्यावरून शिक्षणाचा दर्जा कळत नाही.

१८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या या अटी प्रत्येक आईबापानं पाठ कराव्यात अशा आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, हवी. सगळं शिक्षण इंग्रजीतून आणि एकाच संस्थेत व्हायला हवं. त्या देशातल्या पदवीधराला जसा डॉक्टरकीचा परवाना मिळतो, तसा मिळण्याजोगी ती पदवी हवी. प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत सगळं पूर्ण व्हायला हवं. भारतात परतल्यावर परीक्षा आणि आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता आहेच. आणि जाण्याआधी नीट पात्र असणं आवश्यक.

या चाळणीतून पत्रकं घातली, तेव्हा बरीचशी खालीच गळून पडली. फिलिपिन्सचा एम.डी. चार वर्षांचा, म्हणजे ४८ महिने. "त्याआधीचा पदवीचा काळ धरा की," असं एजंट म्हणाला. नियमात तसं कुठं लिहिलंय, ते दाखवा म्हटल्यावर गप्प झाला. दुसऱ्या एकाला मी विचारलं, "तिथली स्थानिक मुलगी हीच पदवी घेऊन तिथं दवाखाना टाकू शकते का?" तो हसून म्हणाला, "मॅडम, तुमची मुलगी तर इंडियात परत येणार ना? मग तिथल्या मुलीची काळजी तुम्हाला कशाला?"

काळजी असायलाच हवी. ज्या पदवीवर तो देश स्वतःच्या माणसांचा जीव सोपवत नाही, ती पदवी केवळ आपल्या मुलांच्या फीसाठी काढलेली असू शकते.

परतल्यानंतरच्या परीक्षेचाही हिशेब मांडला. २००२ पासून परदेशी पदवीधरांना ही परीक्षा द्यावी लागते. प्रश्न ३००, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. निम्मे गुण म्हणजे काही विशेष नाही, असं वाटतं. पण अनेक सत्रांत पाच जणांत जेमतेम एकच पास झालेला दिसतो. बाकीचे चौघं कुणाचे तरी लाडके लेक-लेकीच असणार. घरी कर्जाचं व्याज चढतंय आणि पोरगं खोलीत बसून पुन्हा त्याच परीक्षेचा अभ्यास करतंय, अशी घरं आमच्या माहितीत होती. म्हणून यांनी वहीत सहा वर्षांऐवजी आठ वर्षांचा खर्च लिहिला. तो आकडा पत्रकातल्या आकड्याशी जुळत नव्हता, पण खरा होता.

या दिवसांत आमच्या घरी एका नावाची फार आठवण निघाली. डॉ. आनंदीबाई जोशी. त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याआधीच, १८७५ मध्ये, मद्रास मेडिकल कॉलेजनं चार स्त्रियांना प्रवेश दिला होता, हे मला लेकीनं सांगितलं. त्यांतल्या मेरी शार्लिब पुढे लंडनची पदवी घेऊन मद्रासला परतल्या. स्त्रियांसाठी त्यांनी इथं रुग्णालय सुरू केलं. ट्रिप्लिकेनचं कस्तुरबा गांधी रुग्णालय, जुनी माणसं ज्याला अजून गोशा हॉस्पिटल म्हणतात, ते हेच.

मग मद्रास सोडून फिलाडेल्फिया का? हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर इथं भरसभेत आनंदीबाईंनी त्याचं उत्तर दिलं. त्यांना अठरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. मद्रासला कॉलेज आहे हे त्यांनी नाकारलं नाही. तिथलं स्त्रियांना मिळणारं शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणारे जुन्या मताचे आहेत, हे कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं. एकटी का जातेस, धर्म राहील का, जातीबाहेर टाकतील त्याचं काय, अशा एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. मग त्या बोटीत बसल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयानं त्या गेल्या. वय अवघं एकवीस. आई म्हणून हे शेवटचं वाक्य वाचताना माझ्या पोटात गोळा येतो.

पण मला त्यांच्या जाण्याइतकंच त्यांचं विचारणं मोठं वाटतं. पत्राचं उत्तर यायला महिने लागायचे, त्या काळात त्या मुलीनं आपण कुठं जातोय आणि का जातोय, हे नीट ठरवलं होतं. आज मिनिटात माहिती मिळते आणि आपण विचारतो काय, तर "भारतीय जेवण मिळतं का?"

आमच्या लेकीनं स्वतःचा एक प्रश्न वाढवला. ती म्हणाली, "आई, तिसऱ्या वर्षी मला पेशंटशी बोलायचंय. वर्ग इंग्रजीत चालेल, पेशंट इंग्रजीत बोलेल का?"

या प्रश्नाचं मोल मला कळलं, कारण मी या शहरात नवी आले तेव्हा मला तमिळ येत नव्हतं. पोट दुखत होतं आणि डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "वलिक्कुदा?" दुखतंय का, एवढंच त्या विचारत होत्या, आणि मी नुसती बघत होते. उलट बाजूनं विचार करा. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीला पेशंटचं 'दुखतंय' कळलं नाही, तर ती खाटेशेजारी उभी राहून शिकणार काय? रशियन किंवा जॉर्जियन भाषा शिकता येतेच, मुलं शिकतातही. पण ती वर्षाच्या हिशेबात धरायला हवी, ती फुकट येत नाही.

शेवटी दोन पत्रं हातात राहिली. एक रशियातलं, एक ढाक्याचं. बांगलादेशात पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पुढे एक वर्ष आंतरवासिता, पुस्तकं बरीचशी आपल्याकडचीच, रोगही आपल्याकडचेच. डेंग्यू, क्षय, हगवण, साप चावलेली माणसं. रुग्णालयात खाटा किती आणि त्यांवर माणसं किती, हे लेकीनं तिथं शिकणाऱ्या दोन भारतीय मुलींना विचारून घेतलं. फी रशियापेक्षा जास्त होती. विट्याकडचे नातेवाईक नाराज होते. "परदेशी पाठवायचं तर जरा लांबच्या तरी पाठवा, लोकांना सांगायला बरं," असंही एकजण बोलून गेले. लेकीनं ढाका निवडलं आणि २०२३ मध्ये ती गेली.

सगळं पारखून घेतलं, म्हणून संकट टळतं असं नाही. जुलै २०२४ मध्ये तिथं विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. १८ जुलैच्या रात्री तिथलं इंटरनेट बंद झालं, पाठोपाठ संचारबंदी आली. आमचा फोन लागेना. यांनी भट्टी पेटवली नाही. आबा दिवसभर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेले. हजारो भारतीय विद्यार्थी त्या दिवसांत सीमेवरून परतले. आमची लेक अखौड्याहून आगरताळ्याला उतरली आणि तिथून तिनं फोन केला, तेव्हा मी फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारू शकले.

"आता पुन्हा नाही," हे म्हणाले. पण मध्येच कॉलेज बदलायची सोय नियमात नाही. युक्रेनच्या मुलांसाठी २०२२ मध्ये खास सवलत द्यावी लागली होती, तशी दर वेळी मिळेल असं धरून चालता येत नाही. लेकीनं दोन महिने वाट पाहिली, कॉलेजला पत्रं लिहिली, वरच्या वर्गातल्या मुलींशी बोलली. मग वडिलांसमोर बसून म्हणाली, "पप्पा, कॉलेज बंद पडलेलं नाही, थांबलं होतं. मी जाते." तो निर्णय तिचा होता आणि तिनं तो कारणं देऊन घेतला होता, म्हणून आम्हाला तिला अडवता आलं नाही.

आता ती वॉर्डात जाऊ लागली आहे. परवा फोनवर सांगत होती, तिथले पेशंट दुखण्याला 'ब्यथा' म्हणतात आणि तापाला 'जॉर'. "आई, आपलंच व्यथा आणि ज्वर की गं!" तिची परीक्षा, इथली आंतरवासिता, कर्जाचे हप्ते, सगळं अजून पुढे आहे. रान अजून गहाण आहे. ती पार पडेलच, असं आज मी सांगू शकत नाही.

पण एवढं नक्की सांगेन. तुमच्या घरी असा फोन आला, की मुदत परवा संपतेय म्हणून घाई करू नका. नियम स्वतः वाचा, खर्च आठ वर्षांचा मांडा, रुग्णालयात पेशंट आहेत का ते तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. आणि सगळ्यात आधी मुलाला समोर बसवून विचारा, की तुला तिथं का जायचंय? त्याचं उत्तर त्याच्या स्वतःच्या शब्दांत आलं, तरच बॅग भरायला घ्या.