आधी पिसा, मग बघा

भिलाईहून समुद्र गाठायचा तर आख्खा ओडिशा ओलांडावा लागतो. माझं काम मात्र भूमध्य समुद्राच्या तळाशी, फ्रान्समधल्या तुलाँजवळ, जवळपास अडीच किलोमीटर खोल. तिथली अँटारेस ही दुर्बीण 2008 मध्ये पूर्ण झाली, 2022 मध्ये थांबली. तिने टिपलेल्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांच्या याद्या खुल्या आहेत. भिलाईतल्या क्वार्टरात कूलर लावून बसलं तरी उघडतात.

या दुर्बिणीला ना आरसा, ना भिंग. बारा उभ्या केबली, त्यांवर काचेचे गोळे, गोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या नळ्या. न्यूट्रिनो क्वचित कुठे खडकाला किंवा पाण्याला अडतो, त्यातून म्यूऑन हा दुसरा कण निघतो आणि मागे निळसर उजेड सोडत धावतो. तो उजेड कुठल्या गोळ्याला किती नॅनोसेकंद आधी दिसला, यावरून दिशा काढायची. वरून वातावरणातल्या म्यूऑनांचा पाऊस असतो, म्हणून पृथ्वी भेदून खालून येणारेच घ्यायचे.

तरीही यादीत जवळजवळ सगळे न्यूट्रिनो आपल्याच वातावरणात जन्मलेले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1965 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर हेच पकडले, तेव्हा तो पराक्रम होता. आज तीच आमची अडगळ.

या अडगळीत डोळ्यांना पुंजके दिसतातच. नक्षत्रं अशीच तर जुळली. म्हणून क्रांती, म्हणजे आकाशातलं उत्तर-दक्षिण स्थान, तशीच ठेवून सगळ्यांचे विषुवांश, म्हणजे पूर्व-पश्चिम स्थानं, पत्त्यांसारखे पिसायचे. खऱ्या स्रोताचा पुंजका असेल तर तो मोडतो, अडगळ होती तशीच राहते. हजारो वेळा पिसून मोजायचं: इतका दाट पुंजका नुसत्या योगायोगाने किती वेळा पडतो? आणि सगळं आकाश धुंडाळलं असेल, तर त्या हावरेपणाचीही किंमत हिशेबात धरायची. बहुतेक पुंजके इथेच विरघळतात. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो, घरच्यांना तो मुळीच कळत नाही.

अँटारेसला एकही निर्विवाद स्रोत सापडला नाही. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातल्या आइसक्यूब या अशाच दुर्बिणीने 2022 मध्ये एनजीसी 1068 या दीर्घिकेच्या दिशेकडून आलेले 79 जादा न्यूट्रिनो दाखवले, तेही 4.2 सिग्मा इतक्याच खात्रीने, शोध म्हणायला रिवाजाने पाच लागतात. सिसिलीजवळच्या नव्या केएम3नेट दुर्बिणीने 13 फेब्रुवारी 2023 ला सुमारे 220 पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रिनो टिपला. तो कुठून आला हे ठरलेलं नाही.

दुर्ग-भिलाईच्या विद्यार्थ्यांनो, याद्या फुकट आहेत, साधा संगणक पुरतो. फक्त उघडण्याआधी आकाशात कुठे बघणार, ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा.