बांधावर यायला लावणारी

आधी विभाग विचारते, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गट नंबर. असं करत करत ती मुदखेडजवळच्या आमच्या काकांच्या दोन एकरांशी येऊन थांबते. चार आकडी संकेतांक दिला की आत घेते. हंगाम कोणता? पीक काय? क्षेत्र किती? पाणी विहिरीचं की बोअरचं? लागवड कधीची? सगळं विचारून झालं की शेवटची अट घालते : आता पिकात उभे राहा आणि फोटो काढा. या एका अटीसाठी फोनवरून पिकाची नोंद घेणारी ई-पीक पाहणी मला मनापासून आवडते.

15 ऑगस्ट 2021 ला ती राज्यभर सुरू झाली, पण तिची गरज फार जुनी. सातबाऱ्यातला सात सांगतो रान कुणाचं, आणि बारा सांगतो त्यात काय उभं आहे. बारा भरायचं काम तलाठ्याचं असे. आमच्याकडचे म्हातारे अजून त्याला पटवारीच म्हणतात. एका माणसाच्या अंगावर कित्येक गावं. प्रत्येक बांधावर त्याचा पाय पडणार कसा? मग कागदावर गेल्या साली सोयाबीन होतं म्हणून यंदाही सोयाबीनच. रानात हळद उभी असली तरी कागद बदलत नसे. आणि पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत, सगळं त्या कागदाकडे बघून. ‘पाहणी’तून पाहणंच निघून गेलं होतं. रान ज्याचं त्यानंच ते पाहावं आणि नोंदवावं, ही कल्पना या दुखण्यातून निघाली.

सातबाऱ्याच्या मापाची वस्तू बाजारात तयार मिळत नाही, शिवूनच घ्यावी लागते. चांगला शिंपी आधी कच्ची शिलाई घालून अंगावर चढवून बघतो, तसं हिलाही आधी मोजक्या तालुक्यांत चालवून पाहिलं. महसूल आणि कृषी ही दोन्ही खाती तिच्यामागे होती, टाटा ट्रस्टचं सहकार्य होतं. पण मापं घेताना टेबलावर दिसत नाही असं पुष्कळ असतं. आमचा माणूस एकर-गुंठ्यांत बोलतो, ही हेक्टर-आर मागते. एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर, एवढं एकदा कळलं की सोपं. पण ते कळेपर्यंत काकांचं बोट त्या रकान्यावर किती वेळ अडून राहिलं, ते मी शेजारी बसून पाहिलं आहे.

म्हणून मला तिचा खरा स्वभाव दिसला तो पुढच्या वर्षी, 2022 च्या खरिपात, तिची दुसरी आवृत्ती आली तेव्हा. चुकलेली नोंद 48 तासांत एकदा स्वतः दुरुस्त करता येऊ लागली. एका मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं लिहिता येऊ लागली. फोटो काढणारा गटापासून लांब उभा असेल तर ती तसं सांगू लागली. आणि तलाठ्यानं तपासायच्या नोंदी फक्त 10 टक्के. बाकीच्या शेतकऱ्याच्या शब्दावर. सरकारी दप्तरात शेतकऱ्याचा शब्द असा प्रमाण मानला जातो, याचं मोल रकमेत सांगता येणार नाही.

मुदखेडला तिची परीक्षा अवघड. हा फुलांचा मुलूख. काकांच्या रानात दहा गुंठे गलांडा, त्याला लागून झेंडू, कडेनं काकडा, उरलेल्यात सोयाबीन. तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत. पहिल्या वर्षी आम्ही सावकाश नऊ वाजता फोटो काढायला गेलो, तर गलांड्यावर फूल म्हणून उरलं नव्हतं. नुसता हिरवा पाला. नोंद झाली, पण काकांच्या मनाला ते लागलं. “फूल नाही तर कसला फोटो?” एवढंच म्हणाले.

पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा म्हणतो, मी इथून भरतो ना सगळं. ते तिला चालत नाही. माणूस पिकात हवा. ज्यांच्याकडे तसा फोन नाही, त्यांच्यासाठी गावातलं कुणीतरी मदतीला जातं, पण जायचं रानातच.

यंदा काकांनी मला पाचलाच उठवलं. दव होतं. तोडायला आलेल्या बायका टोपल्या घेऊन बांधावर थांबल्या होत्या. “थांबा गं जरा,” काका म्हणाले, “आधी हिचं होऊ द्या.” गलांड्याच्या ओळीत ते ताठ उभे राहिले, लग्नातल्या फोटोला राहावं तसे. लाल-पिवळी फुलं गुडघ्यापर्यंत. फोनवर अक्षांश-रेखांश उमटले, मी बटण दाबलं. रानात रेंज नव्हती, नोंद फोनमध्येच थांबली. ती पाठवायला रेल्वेच्या रुळाकडच्या चढावर जावं लागतं. आम्ही चालू लागलो, तेव्हा मागं तोडणीला हात लागला होता.