हिफुका

मिरजेच्या दवाखान्यात कधी बसला असाल तर हा सीन तुम्हाला माहीत असेल. बाकावरचे निम्मे पेशंट कन्नड बोलणारे, डॉक्टर विचारणार मराठीत, मग कंपाउंडर मध्ये पडणार. सांगलीला वालचंदमध्ये शिकत असताना एकदा तिथे एका आजीबाईंना डॉक्टर दंड दाखवा म्हणाले आणि त्यांनी जीभ बाहेर काढली. मी हसलो होतो.

गेल्या जूनमध्ये तोक्योत मी डिट्टो तेच केलं.

झालं असं.. ऑनसाइटला जाऊन तीन महिने झाले होते. निशी-कासाईला रूम, आजूबाजूला भरपूर देशी मंडळी, त्यामुळे खाण्याचे हाल नव्हते. हाल होते ते कमरेवरच्या नायट्याचे. तो मी साताऱ्याहूनच सोबत नेला होता. मेतकुटाच्या पुडीशेजारी आईने एक ट्यूब पण टाकली होती, गल्लीतल्या मेडिकलवाल्याने दिलेली. लावली की दोन दिवसांत खाज गायब, थांबवली की दुप्पट. त्यात जूनचा 'त्सुयू', म्हणजे तिकडचा पावसाळा. मीटिंगमध्ये धड बसवेना. ऑफिसातला कोणी दुभाषा न्यावा, तर त्याच्यासमोर कंबर कशी उघडायची?

शेवटी एका शनिवारी स्टेशनजवळच्या हिफुकात (कातडीचा दवाखाना) एकटाच गेलो. काउंटरवर फॉर्म दिला, सगळा कांजीत. मोबाईलचा कॅमेरा वर धरला तर एक प्रश्न दिसला, 'पाण्यातला किडा आहे का?' मिझुमुशी म्हणजे आपल्या चिखल्या, हे नंतर कळलं.

डॉक्टर म्हणाले, "शिता". आदल्या रात्री मी अवयवांची यादी पाठ केली होती. शिता म्हणजे जीभ! काढली बाहेर. त्यांना म्हणायचं होतं 'खाली'. जपानीत तोही शिताच :)

मग त्यांनी कातडी थोडी खरवडली, काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली ठेवून मला स्क्रीनवर दाखवली. फांद्या फुटलेले बारीक दोरे. "काबी". बुरशी. मी ट्यूब पुढे केली. त्यांनी 'क्लोबेटासोल' या शब्दावर बोट ठेवलं आणि दोन्ही हातांची फुली केली. एवढं भाषांतर पुरलं.

घरी येऊन वाचत बसलो. स्टेरॉइडने खाज दबते, लाली जाते आणि बुरशी आत निवांत पसरते. २०१८ साली आपल्या सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली आहेत. आमच्या गल्लीत ती बातमी पोचलेली नाही. आणि २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नेहमीच्या गोळीला दाद न देणाऱ्या एका नव्या बुरशीचं बारसं केलं, तिकडे आलेल्या भारतीय आणि नेपाळी पेशंटवरून. नाव 'इंडोटिनी'. नावातच आपण!

पण डॉक्टरांनी निघताना विचारलं होतं, "काझोकु?" घरच्यांना? मी मान हलवून नाही म्हटलं होतं.

रात्री व्हिडिओ कॉल लावला. "आप्पा, शर्ट जरा वर करा बघू." आधी नको नको म्हणाले, मग आईनेच वर केला. काखेपासून पाठीपर्यंत. तीच ट्यूब, दोन वर्षं. कातडी पातळ होऊन पांढरट रेघा पडलेल्या.

"अरे, मेडिकलवाला आपल्यातलाच आहे. तो कशाला वाईट देईल?"

सांगलीचा मामा सोमवारी त्यांना मिरजेला न्यायला तयार झाला. आप्पा म्हणाले, "आणि तुझा जपानी काय म्हणाला ते तिथल्या डॉक्टरला कसं सांगू?"

मी कॅमेऱ्यासमोर हातांची फुली केली. तिकडून त्यांनीही करून बघितली.