फॅमिली बेसिक, मुक्काम आनंदनगर

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या कितीतरी घरांच्या माळ्यावर आजही एक पांढुरका, धूळ खाल्लेला कीबोर्ड पडलेला असतो. त्याला मॉनिटर नाही, हार्ड डिस्क नाही. मागून टीव्हीला जोडायची वायर निघते, वर कॅसेट खोचायची खाच असते, सोबत दोन रिमोट आणि बदकं मारायची बंदूक. घरचे लोक त्याला व्हिडिओ गेम म्हणतात. मी अंबरनाथ पूर्वेला आनंदनगर एमआयडीसीत कारखान्यांच्या यंत्रांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात जुने आठ-बिटी संगणक उघडून बसतो. अशी यंत्रं माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं येत राहिली आहेत. माझ्या लेखी ती जपानी घरगुती संगणकाच्या घराण्यातली आहेत, आणि त्यांना त्या घराण्यात जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं.

जपानच्या घरगुती संगणकांचा इतिहास सांगणारे बहुधा एमएसएक्सपासून सुरुवात करतात. जून 1983 मध्ये आस्की कंपनीच्या काझुहिको निशी यांनी मायक्रोसॉफ्टच्या साथीने हे मानक जाहीर केलं. प्रोसेसर झेड-80, प्रोग्राम लिहायची भाषा मायक्रोसॉफ्टचं बेसिक, आणि यंत्र सोनीचं घ्या की तोशिबाचं, एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालायलाच हवा. कल्पना मोठी होती. पण त्याच उन्हाळ्यात, 15 जुलै 1983 रोजी, क्योतोच्या निन्टेन्डोने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. किंमत 14,800 येन. सेगाचा एससी-3000 हा कीबोर्डवाला संगणकही त्याच दिवशी आला. त्याची किंमत जवळपास दुप्पट होती. निन्टेन्डोच्या यंत्राला कीबोर्ड नव्हता, तरी नावात कॉम्प्युटर होता. जपानी लोकांनी ते नाव आखडून ‘फॅमिकॉम’ केलं.

मासायुकी उएमुरा हे त्याचे रचनाकार. स्वस्त हवं, हा मालक हिरोशी यामाउची यांचा हुकूम. रिको कंपनीने चिप स्वस्तात द्यावी म्हणून दोन वर्षांत 30 लाख नग उचलायची हमी देण्यात आली. घरगुती खेळांचा धंदा तेव्हा नुकताच उभा राहत होता, हे लक्षात घेतलं की या आकड्यातलं धाडस कळतं. चिपच्या पोटात 6502 हा प्रोसेसर होता, पण त्यातली दशमान हिशेबाची सोय काढून टाकलेली. गती सेकंदाला सुमारे 17 लाख 90 हजार ठोके. कामाची मेमरी दोन किलोबाइट, चित्रासाठी आणखी दोन. एवढ्यावर या यंत्राचे जगभरात 6 कोटी 19 लाख नग खपले, आणि हा आकडा फक्त अस्सल मालाचा आहे. उएमुरा पुढे क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात शिकवत. डिसेंबर 2021 मध्ये ते वारले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. त्यांच्या आराखड्याच्या नकलांवर इथली एक पिढी वाढली आहे.

खरा संगणक झाला तो 21 जून 1984 रोजी. त्या दिवशी ‘फॅमिली बेसिक’ आलं: एक कीबोर्ड, एक कार्ट्रिज (आपण जिला गेमची कॅसेट म्हणतो ती), एक जाडजूड पुस्तक. किंमत पुन्हा 14,800 येन, म्हणजे यंत्राइतकीच. निन्टेन्डो, शार्प आणि हडसन या तिघांनी मिळून केलेलं हे काम. मला ते बेसिक फार आवडतं. त्यात मारिओ आधीच बसलेला आहे. ‘डेफ मूव्ह’ या आज्ञेने तो कुठल्या दिशेला, किती वेगाने, किती अंतर जाणार ते सांगायचं, मग ‘मूव्ह’ म्हणायचं. तो चालू लागतो आणि प्रोग्राम पुढच्या ओळीवर जातो. स्पेक्ट्रम किंवा बीबीसी मायक्रो या ब्रिटिश घरगुती संगणकांवर एवढी हालचाल करवायला मुलाला बरंच शिकावं लागे. इथे पहिल्या संध्याकाळीच पडदा हलतो. उणं एवढंच की हे बेसिक फक्त पूर्णांक ओळखतं, 32767 पर्यंत. दहा भागिले तीन विचारलं तर उत्तर तीन. अपूर्णांक शिकणाऱ्या पोराला याचा राग येणं साहजिक आहे.

प्रोग्रामसाठी जागा दोन हजार बाइटपेक्षाही थोडी कमी. आजच्या मोबाइलमध्ये देवनागरीची एक खूण तीन बाइट घेते. त्या हिशेबाने साडेसहाशे-एक खुणा, म्हणजे या लेखातला एखादा परिच्छेद जेमतेम मावेल. 1985 च्या तिसऱ्या आवृत्तीत ही जागा दुप्पट झाली. पण जपानी माणसाने या दोन हजार बाइटची काळजी घेतली होती. कार्ट्रिजमध्ये दोन पेन्सिल सेल बसत, म्हणजे वीज बंद केली तरी प्रोग्राम तसाच राही. शिवाय कीबोर्डला टेपरेकॉर्डरची जागा होती. प्रोग्राम आवाजाच्या रूपाने गाण्यांच्या साध्या कॅसेटवर भरायचा आणि हवा तेव्हा परत चढवायचा. निन्टेन्डोने त्यासाठी लाल रंगाचा वेगळा रेकॉर्डरही काढला. ‘एक्साइटबाइक’ या खेळात स्वतः बनवलेला रस्ता साठवायची सोय याच रेकॉर्डरवर चाले. अमेरिकेत रेकॉर्डर गेलाच नाही, त्यामुळे तिथल्या मुलांना मेनूमध्ये ‘सेव्ह’ दिसे आणि त्याने काहीच होत नसे.

आमच्याकडे आला तो या यंत्राचा नकलांमधून फिरून आलेला अवतार. तैवानच्या यूएमसीने रिकोच्या चिपच्या नकला केल्या. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या सुबोर कंपनीने 1990 च्या दशकात त्यावर कीबोर्ड बसवून ‘शिकायचं यंत्र’ म्हणून विकलं. जाहिरातीत जॅकी चॅन. ती कंपनी चालवणारे दुआन योंगपिंग नंतर बाहेर पडले आणि त्यांनी उभ्या केलेल्या उद्योगातून पुढे ओप्पो आणि विवो निघाले. भारतात आधी समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी बिनकीबोर्डाची यंत्रं होती, मग कीबोर्डवाली आली. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1980 च्या दशकात स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती काढली होती आणि 1984 पासून सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पातून बीबीसी मायक्रो काही शाळांत पोहोचले होते. पण लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाला मुलासाठी जो संगणक परवडला, तो हा. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये जपानी बाजार आहे, मात्र तिथे कापड मिळतं. ही यंत्रं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि स्टेशनांजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून येत. बाप दुकानदाराला विचारी, यावर अभ्यास होतो का? दुकानदार कीबोर्डाकडे बोट दाखवी.

नक्कल करणाऱ्यांचं कसब कमी नव्हतं, हे मी बोर्ड वाचून सांगतो. जपानचा टीव्ही सेकंदाला 60 चित्रं दाखवी, आपला 50. युरोपसाठी निन्टेन्डोने केलेल्या चिपच्या यंत्रात जपानी कॅसेट घातली तर अनेक खेळ गडबडत. यूएमसीच्या 6538 चिपने प्रत्येक चित्रामागचा जादा वेळ अशा जागी घातला की खेळाला आपण परक्या टीव्हीवर आहोत हे कळूच नये. खेळ चाले, फक्त सेकंदाला दहा चित्रं कमी मिळाल्याने सगळं एक षष्ठांश सावकाश होई. मारिओचं संगीत आमच्या घरांत सुरांना तसंच, लयीला विलंबित असं वाजलं. मूळ चाल मोठेपणी ऐकणाऱ्यांना ती घाईची वाटते, त्याचं कारण हे आहे.

मग या कसबी लोकांनी काय गाळलं? माझ्याकडे आलेल्या बेसिकच्या कॅसेटींमध्ये सेलांची जागाच नसते. कीबोर्डला टेपची खाच नसते. पुस्तक म्हणावं तर घडी घातलेला एक कागद, तोही मोडक्या इंग्रजीत. दुकानाच्या काउंटरवर जे दिसतं ते सगळं ठेवलं. घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात जे लागतं ते काढून टाकलं. पैसे वाचवायचे तर हेच आधी जाणार, हे मला धंद्यातला माणूस म्हणून समजतं. तरी त्याचा परिणाम फार वाईट झाला. प्रोग्राम लिहायचा आणि बटण बंद केलं की तो गेला. त्यातच 2005 नंतरची आमच्याकडची लोडशेडिंगची वर्षं. पंखा थांबायचा, टीव्ही काळा व्हायचा आणि चाळीस ओळी नाहीशा व्हायच्या. ज्या कामाला उद्या नाही ते काम कुणी किती दिवस करेल? पोरं परत कॉन्ट्रासारख्या खेळांकडे वळली, आणि मोठी माणसं म्हणाली, बघा, गेमच खेळतात. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं. संगणक शिकायला निघालेलं मूल खेळाकडे ढकललं गेलं ते दोन सेल आणि एक खाच वाचवल्यामुळे.

लिपीचंही असंच. फॅमिली बेसिकचं प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसतं. जपानी मुलाला त्यात काताकाना लिपी होती, म्हणजे स्वतःचं नाव आपल्या लिपीत लिहिता येई. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, मात्र त्या चौकटीत मावत नाहीत. देवनागरीला शिरोरेषा हवी, वर वेलांटी हवी, खाली उकार आणि जोडाक्षरं. आठ ठिपक्यांच्या उंचीत हे जमत नाही, आणि या बेसिकमध्ये नवी अक्षरं कोरायची वाटही नाही, कारण आकार चिपमध्ये कायमचे भरलेले. पडद्यावर देवनागरी उमटवायचं काम त्याच काळात पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्डाने केलं होतं, पण ते ऑफिसातल्या महागड्या पीसीसाठी. घरातल्या टीव्हीपर्यंत ते आलं नाही.

2008 च्या सुमारास डेरेक लोमास या अमेरिकी तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी भारतात विकली जाणारी हीच स्वस्त यंत्रं पाहून ‘प्लेपॉवर’ नावाचा उपक्रम सुरू केला. यावर चांगले शिकवणारे खेळ करून घालावेत, असा विचार होता. तो योग्य होता, पण उशिरा आला. तोवर मोबाइल घरोघर पोहोचू लागला होता.

आता दुरुस्तीबद्दल थोडं, कारण माळ्यावरचं यंत्र कुणी ना कुणी या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढेल. सोबतचा जुना अडॅप्टर थेट लावू नका. आधी मीटरने व्होल्टेज आणि वायरीची धन-ऋण बाजू तपासा. कीबोर्डच्या कळा मेल्या असतील तर घाबरू नका. मूळ जपानी कीबोर्डमध्ये 72 कळा आठ-आठच्या नऊ ओळींत मांडलेल्या आहेत आणि यंत्र त्या चार-चार करून वाचतं. एका ओळीचा मार्ग तुटला तर आठ कळा एकदम जातात. माहितीच्या चार तारांपैकी एक तुटली तर पाव कीबोर्ड जातो. नकलांमध्ये मांडणी वेगळी असते, पण तर्क हाच. कुठल्या कळा मेल्या याची यादी केली की तुटलेली रेघ कागदावरच सापडते. बहुतेकदा आतल्या पातळ फिल्मवरचा कार्बन गेलेला असतो. बोर्डावर काळ्या राळेचा थेंब असेल तर त्याखालची चिप दुरुस्त होत नाही. बंदूक नव्या एलईडी टीव्हीवर चालणार नाही, तिला जुनी पिक्चर ट्यूबच लागते.

यंत्राइतकाच, खरं तर त्याहून जास्त, मला दुसऱ्या एका गोष्टीत रस आहे. प्रोग्राम साठत नाही म्हटल्यावर काही मुलांनी ते वहीत उतरवून ठेवले. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर, दहा-वीस-तीस अशा ओळींच्या क्रमांकांनी. अशा वह्या मी पाहिल्या आहेत: पाढे म्हणून घेणारा प्रोग्राम, सर्कशीसारखा फिरणारा मारिओ, ‘प्ले’ आज्ञेने बसवलेली आरतीची चाल. चुकीची ओळ खोडून शेजारी बरोबर ओळ लिहिलेली असते, त्यामुळे मूल कुठे अडलं तेही कळतं. अस्सल जपानी कार्ट्रिजमधले सेल केव्हाच संपले आणि त्यांतले प्रोग्राम गेले. या वह्या मात्र वाचता येतात आणि आजही टाइप करून चालवता येतात. त्या रद्दीत देऊ नका. पानांचे सरळ, उजेडात फोटो काढा, प्रत्येक ओळीचा क्रमांक दिसेल असे. मुखपृष्ठावर यंत्राचं नाव, गाव आणि साधारण साल लिहा. कॅसेटवरचं लेबलही टिपून ठेवा, कारण या नकलांच्या बेसिकमध्ये काही आज्ञा वेगळ्या असतात आणि कुठल्या कॅसेटवर लिहिलं हे कळल्याशिवाय प्रोग्राम चालेलच असं नाही.