आडोसा

गेल्या वर्षी श्रावण लागला आणि घरातली अंडी घरातच साठू लागली. त्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात अंडे येत नाही आणि वाडीतही त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. कोंबड्यांचे घालणे मात्र दोन सरींमधल्या उघडिपीसारखे अधूनमधून चालूच होते. त्याच सुमारास एक तांबडी कोंबडी खुडूक झाली. तेव्हा साठलेल्यांतली अकरा अंडी निवडून, त्यांवरचा चिखल आणि शीट ओल्या फडक्याने, व जिथे फडके पुरले नाही तिथे विहिरीच्या गार पाण्याने काढून टाकून, मी ती मोठ्या आस्थेने तिच्या पोटाखाली सारली. २१ दिवस ती त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दिवसातून एकदा दाणापाण्यापुरती उठून, बाकीचा सर्व काळ अर्धोन्मीलित नेत्रांनी, अनुष्ठानाला बसल्यासारखी बसून राहिली. बाविसाव्या दिवशी तिच्या पंखाखालून चारच पिले बाहेर आली. उरलेली सात अंडी मी परसाच्या टोकाला नेऊन पुरली. त्यांतली दोन हाताच्या नुसत्या दाबाने फुटली, आणि त्यांचा दर्प नाहीसा झाल्यावरही तिच्या २१ दिवसांच्या निष्फळ बैठकीचे शल्य माझ्या मनातून गेले नाही, कारण त्या नुकसानीतली मोठी कसूर माझी होती.

अंडे धुतले की स्वच्छ होते अशी माझी समजूत होती. वस्तुतः ज्याला आपण टरफल म्हणतो ते, खडू आणि संगमरवर ज्या द्रव्याचे त्याच द्रव्याचे बनलेले, वरून अभेद्य भासणारे कवच, हजारो सूक्ष्म रंध्रांनी सच्छिद्र असते. मोजणाऱ्यांनी ती रंध्रे ७,००० पासून १७,००० पर्यंत सांगितली आहेत. कोंबडीच्या देहातून बाहेर पडताना या कवचावर एक ओलसर लेप असतो, तो वारा लागताच काही क्षणांत वाळतो आणि त्या सर्व रंध्रांची द्वारे जणू मोहोरबंद करतो. ते अंडे त्या वेळी आईच्या अंगाइतके, म्हणजे सुमारे ४१ अंश उष्ण असते. निवू लागले की आतला द्रव आकुंचन पावतो, आणि बोथट टोकाशी जी पोकळी पडते ती भरून काढण्यासाठी बाहेरची हवा आत ओढली जाते. अंडे कोरड्या गवतावर असेल तर हवाच आत जाते; ओल्या घाणीत पडले असेल तर त्या घाणीतले जंतूही तिच्याबरोबर जातात. मी तर पाण्याने तो लेप काढून टाकला, आणि तेही गार पाण्याने, म्हणजे आतले आकुंचन अधिक वाढवून. अंड्याच्या स्वच्छतेची तजवीज ते पडण्यापूर्वी व्हावी लागते. पडल्यावर जे करावयाचे ते नुकसान भरून काढण्यासारखे असते, आणि तेही नीट भरून निघत नाही.

आयुष्यातली पुष्कळ वर्षे महसुली दप्तरात गेल्यामुळे, तक्रारीचा निकाल देण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहावे, ही सवय माझ्या अंगी मुरली आहे. माझ्या कोंबड्या त्या काळात तेलाच्या आडव्या केलेल्या पत्र्याच्या डब्यांत घालीत. ते डबे मीच पडवीच्या खांबांना, कुत्र्यामांजरांचा उपसर्ग होऊ नये म्हणून, खांद्याइतक्या उंचीवर खिळविले होते, आणि रात्री बसण्याचे दांडे त्यांच्या खाली बांधले होते. या एका उलटापालटीत निम्मा अनर्थ होता. पक्षी रात्रीच्या वस्तीसाठी जे सर्वांत उंच स्थान मिळेल ते धरतो. म्हणून माझ्या कोंबड्या दांड्यांवर न बसता डब्यांत आणि डब्यांवर झोपत, रात्रभराची शीट तिथेच साचे, आणि सकाळी जिला अंडे घालावयाचे असे ती त्या घाणीतच बसे. डब्यांची तोंडे अंगणाकडे, भर उजेडाकडे होती. पत्रा गुळगुळीत असल्याने पेंढा दोन दिवसांत पुढे सरकून खाली पडे आणि अंडे उघड्या पत्र्यावर टणकन आदळे. वैशाखात तोच पत्रा इतका तापे की त्यावर तळहात ठेववत नसे.

शेजारच्या काकी, ज्यांच्या खुराड्यात मी कधी मळके अंडे पाहिले नाही, त्या माझी ती व्यवस्था पाहून एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तिला उंची नको. तिला आडोसा हवा." त्यांच्याकडे पडवीच्या कोपऱ्यात, गोवऱ्यांच्या उतरंडीमागे, बुरुडाने विणलेल्या दोन खोल टोपल्या वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने ठेवलेल्या होत्या, आणि त्यांत वाळलेला पेंढा.

मी चार दिवस सकाळी पडवीत बसून कोंबड्यांकडे नुसते पाहत राहिलो. जी गोष्ट जन्मभर घरात होती ती प्रथमच पाहत होतो असे म्हणावयास हरकत नाही. घालावयास आलेली कोंबडी आधी अस्वस्थ होते. दाणे टाकले तरी टिपत नाही, कळपातून बाजूला होते, मान उंच करून एक लांबलचक, किंचित रडवा स्वर काढते, आणि प्रत्येक कोपरा, प्रत्येक फट, प्रत्येक भांडे मान आत घालून तपासू लागते; एक जागा पाहून नाकारते, दुसरीत शिरून बाहेर येते, पुन्हा पहिलीकडे जाते. एडिंबरो येथील वुड-गश या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने आपल्या सहकाऱ्यासह असे दाखविले आहे की ही ओढ अंडे तयार झाल्यावर लागत नाही. आदल्या दिवशी बीज अंडाशयातून सुटते तेव्हा मागे जो रिकामा कोश राहतो त्याच्याच प्रेरणेने ती सुमारे एका दिवसानंतर जागी होते. म्हणजे कवच अजून चढावयाचे असते तेव्हाच तिच्या देहात एकांताचा मुहूर्त मुक्रर झालेला असतो. अखेर एखादी जागा मनास आली की ती आत शिरते, पायांनी तळ उकरते, छातीने दाबून गोल खळगा करते, चोचीने काडी उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते, आणि मग तिच्या डोळ्यांत असे काही दाटून येते की जवळून जाणाऱ्यालाही आपण नकळत दुसऱ्याच्या माजघरात डोकावलो असे वाटून पाऊल मागे घ्यावेसे वाटते.

पाठीवर काडी टाकण्याची ती क्रिया पाहताना मला घाटातली रानकोंबडी आठवली. माणसाळलेल्या कोंबडीचे मूळ मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याकडे जाते; परंतु तिच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीच्या संशोधनाने दाखविले आहे. ती रानकोंबडी घरटे विणत नाही. करवंदीच्या जाळीखाली किंवा बांबूच्या बेटाशी जमीन उकरून, पाचोळ्याच्या खळग्यात ती अंडी घालते. वरून जाळी, भोवती सावली, खाली कोरडी पाने. माझ्या अंगणातली पिवळ्या पायांची कोंबडी डब्याडब्यांतून डोके घालीत जे शोधत होती ते हेच होते, आणि मी तिला पत्रा, प्रकाश आणि उंची दिली होती. पेटी निवडावयाची ती या कसोटीवर, अशी माझी खातरजमा त्या चार दिवसांत झाली.

आंब्याचा हंगाम संपून गेला होता. माळ्यावर आठदहा लाकडी आंब्याच्या पेट्या पडून होत्या. त्या उतरवून, सुताराला बोलावून, मी नव्या पेट्या करविल्या. रुंदी, खोली आणि उंची प्रत्येकी १२ इंच, थोराड कोंबडीसाठी १४. याहून मोठी पेटी नको, कारण मोकळी जागा दिसली की दोघी एकदम आत शिरतात, रेटारेटी होते, आणि पहिलीचे अंडे दुसरीच्या नखाखाली सापडते. पुढे उंबरठ्यासारखी पाचेक इंचांची फळी, म्हणजे पेंढा आतच राहतो आणि अंडे घरंगळून खाली येत नाही. छप्पर इतके उतरते की त्यावर कोणत्याही कोंबडीचा पाय ठरू नये. जमिनीपासून दीड फूट उंची, आणि बसण्याचे दांडे त्याहून स्पष्टपणे वर. दारापुढे एक आडवी काठी, जिच्यावर ती उडी मारून क्षणभर थांबते आणि पायांचा चिखल थोडा तिथेच सोडते. दारावर अर्धा पडदा गोणपाटाचा, आणि पेट्यांची तोंडे भिंतीकडे, जिथे दुपारीही सांजवेळेसारखा अंधार असतो. चारपाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. तीन पेट्या सारख्या केल्या तरी सगळ्याजणी एकीचाच हट्ट धरून बाहेर ओळीने उभ्या राहतात, हेही मी पाहिले आहे. त्यांच्या त्या पसंतीचे कारण बहुधा एवढेच असते की त्या पेटीत आधीच कोणीतरी घातले आहे. म्हणून उरलेल्या दोन पेट्यांत मी नदीतला एकेक गोल पांढरा गोटा ठेवला. नव्या तलंगांनी आठवडाभरात त्या पेट्याही आपल्या मानल्या.

लाकडाचा एक दोष सांगितला पाहिजे. त्याच्या फटींत दिवसा दडून रात्री कोंबडीचे रक्त पिणारे बारीक तांबडे किडे वस्ती करतात, आणि एकदा ते शिरले की कोंबडी पेटी सोडून माळरानात घालू लागते. दर दोन महिन्यांनी पेट्या उन्हात टाकून, फटींत चुना भरावा लागतो. प्लॅस्टिकच्या पेटीला हा त्रास कमी, ती धुता येते. ज्याला चुना आणि ऊन यांसाठी सवड नाही त्याने तीच घ्यावी, पण तिला पडदा लावावा.

पेंढ्याविषयी मात्र तडजोड करू नये. भाताचे नुसते तूस घातले तर कोंबडी ते पायांनी दोन्हीकडे सारून अंडे तळाच्या फळीवर घालते; पेंढा हातभर लांबीचा तोडून, दाबून, चार बोटे जाडीचा बसविला तर तो तिच्या छातीच्या दाबाने वाटीसारखा आकार धरतो. पावसाळ्यात तो दमट होतो, त्याला बुरशी येते, आणि तिथून सगळे बिघडते. आमच्याकडे पेंढ्याची एक जुडी चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्याची पद्धत आहे. धुराने ती खडखडीत राहते. पहिल्या शतकात रोमच्या राज्यात शेतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या कोलुमेलाने कोंबड्यांचे घर स्वयंपाकघराच्या धुराजवळ असावे आणि घरट्यातले गवत वरचेवर बदलावे असे सांगून ठेविले आहे, हे पुढे वाचनात आले तेव्हा आपल्या चुलीवरच्या माळ्याला इतक्या दुरून आणि इतक्या जुन्या काळातून साक्षीदार मिळाला याचा मला फार आनंद झाला.

फुटण्याचे सगळेच खापर पेटीवर फोडता येत नाही. कवच घडण्यास वीसेक तास लागतात आणि त्यांतला मोठा भाग रात्रीचा असतो. म्हणून तिसऱ्यांचे शिंपले भाजून, जाडसर कुटून, संध्याकाळच्या खाद्यापाशी वेगळ्या करवंटीत ठेवावेत, ज्या कोंबडीला हवे ती आपल्या गरजेपुरते उचलते. उन्हाळ्यात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, त्या धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उणा होतो, आणि कवच पातळ पडते. त्या दिवसांत सावली आणि गार पाणी हीच अंड्याची राखण. आणि जी अंडी फुटतात ती तत्काळ उचलावीत, कारण एकदा का कोंबडीला आपल्याच अंड्याच्या बलकाची चव लागली की ती सवय कळपभर पसरते. सकाळी दहाच्या आत बहुतेक अंडी पडलेली असतात. मी तीन वेळा फेरी मारतो. शेवटच्या फेरीला पेट्यांच्या दारांवर फळ्या सरकवतो, म्हणजे रात्री आत कोणी झोपत नाही आणि मुंगूस, घोरपड यांनाही वाव राहत नाही. पहाटे उजाडण्यापूर्वी त्या फळ्या काढावयाच्या, ही एक शिस्त कधी चुकवू नये. चुकली तर अंडे अंगणात पडते आणि दोष तिचा नसतो.

उतरत्या तळाची पेटीही मी एका ठिकाणी पाहिली. तीत फुटामागे सुमारे दीड इंचाचा उतार असतो आणि अंडे कोंबडीच्या पोटाखालून हळूच मागच्या झाकलेल्या खणात घरंगळते. तळाला काथ्याची चटई असेल तर ही योजना उत्तम आहे. मोठ्या कुक्कुटशाळांतल्या तारेच्या पिंजऱ्यांतही असाच उतार असतो आणि अंडी तिथे फार स्वच्छ निघतात. परंतु त्या पिंजऱ्यात पेटी नाही, पेंढा नाही, आणि घालण्याच्या वेळी तिथल्या कोंबडीची जी येरझार चालते ती पाहिल्यापासून ती व्यवस्था मला मान्य होऊ शकली नाही. स्वच्छ अंडे त्या किमतीला नको.

यंदाच्या श्रावणात तीच तांबडी पुन्हा खुडूक झाली. तिच्याखाली पेटीतली अकरा कोरडी, न धुतलेली अंडी ठेवली. नऊ पिले निघाली आणि आज ती जांभळीखाली किडे वेचीत आहेत. ज्यांच्या परसात दोनचार कोंबड्या असतील त्यांना एकच विनंती आहे: आज दिवेलागणीला पेटीत हात घालून पेंढा चाचपून पाहा. तो ओलसर लागला, तर उद्याची वाट न पाहता आत्ताच बदला.